दोनशे चेस्टनट नकोत, चोवीस लावा

वाचकाचं पत्र : वय ६३. पुढच्या जूनमध्ये नोकरी संपते आहे. पेनसिल्व्हेनियात यॉर्क काउंटीत साडेचार एकर उताराची जमीन घेतली आहे. वर गवत, खाली ओढा, आणि हरणं भरपूर. तिथे दोनशे अमेरिकन चेस्टनट लावायचं मनात आहे. गावातल्या बागेत एका झाडाखाली पडलेल्या बिया आणून ठेवल्या आहेत. गुळगुळीत आहेत, टोक नाही आणि झाडाची पानं हाताच्या पंजासारखी आहेत. त्या चालतील का? मुलगी म्हणते, या वयात झाडं लावून फळ कोण खाणार. पत्नीला मधुमेह आहे, तिला चेस्टनट चालेल का तेही सांगा. दरवर्षी गणपती ते दिवाळी आम्ही पुण्यात असतो, तेवढं सोडलं तर वेळच वेळ आहे.
— एक वाचक

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच. तुमच्या भागात चेस्टनट साधारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर या महिन्याभरात पडतं. ते तोडायचं नसतं. काटेरी बोंड झाडावरच उकलतं आणि बी खाली पडते. ती रोज वेचावी लागते, फार तर एक दिवसाआड. त्याहून उशीर केलात की हरणं, खारी आणि रानटर्की तिचा फडशा पाडतात. त्यांच्या तडाख्यातून उरलेली बी उन्हात वाळते किंवा बुरशी धरते, आणि आत अळी असेल तर ती भोक पाडून बाहेर येते आणि मातीत उतरते. म्हणजे पुढच्या हंगामाच्या किडीची सोय झाली. थोडक्यात, ऐन सुगीत तुम्ही पुण्यात असणार.

पहिली पाच-सहा वर्षं फळच नसतं, त्यामुळे ती वर्षं निभावतील. ऑगस्ट-सप्टेंबरात कोरड पडली तर पाणी घालणारा कोणीतरी नेमला म्हणजे झालं. त्यानंतर मात्र पुण्याची फेरी डिसेंबर ते फेब्रुवारी अशी सरकवावी लागेल. त्या दिवसांत झाडाला तुमची काही गरज नसते. हे घरात आधी बोलून घ्या. गणपती-नवरात्र पुण्यातच करायचं असं पक्कं असेल तर बागेचा विचार सोडा आणि अंगणात सावलीसाठी दोन-तीन झाडं लावा.

आता बियांचं. तुम्ही वर्णन केलेलं झाड घोडचेस्टनट आहे. त्या बिया विषारी आहेत, खाऊ नका आणि घरी नातवंडं येत असतील तर आजच टाकून द्या. खायच्या चेस्टनटचं पान एकेकटं, लांबट आणि करवती कडांचं असतं. त्याच्या बोंडावर सुयांसारखे दाट काटे असतात आणि बीच्या टोकाला लहानसा शेंडा असतो. घोडचेस्टनटच्या बोंडावर काटे विरळ आणि जाड असतात, बी टोकाला गोल असते.

अमेरिकन चेस्टनटचा मोहही आवरा. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात या झाडांवर खोडाची साल मारणारा बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. जुन्या मुळांतून आजही जंगलात फुटवे येतात, मनगटाएवढे होतात आणि पुन्हा साल फुटून मरतात. ती बुरशी हवेत आणि आजूबाजूच्या ओकवरही आहे. संवर्धनासाठी कोणी दोन-चार झाडं लावली तर कौतुकच आहे, पण फळासाठी बाग करायची तर चिनी चेस्टनट किंवा त्याच्या रक्ताचे संकर घ्यावेत. चिनी झाडाला हा रोग होतच नाही असं नाही, पण ते तो बहुतेक वेळा पचवतं.

जातींपैकी चिंग, पीच, गिडियन, मॉसबर्गर आणि स्लीपिंग जायंट ही नावं रोपवाटिकांत भेटतील. कलोसल नावाची मोठ्या बीची जात जाहिरातीत फार दिसते, ती तुमच्याकडे घेऊ नका. तिच्यात युरोपीय आणि जपानी रक्त आहे, खोडाच्या रोगाला ती बळी पडते, आणि चिनी झाडाचा पराग तिला लागला की बी आतून तपकिरी होऊन सडते. बाहेरून काहीच कळत नाही, गिऱ्हाइकाने फोडल्यावर कळतं.

कलम की बियांचं रोप? चेस्टनटचं कलम लावताना जुळलेलं दिसतं आणि कधी कधी चार-पाच वर्षांनी सांध्यातून सुटतं, विशेषतः कडक थंडीनंतर. म्हणून आमचा कल बियांच्या रोपांकडे आहे, मात्र मातृवृक्षाची जात लिहून देणाऱ्या रोपवाटिकेतूनच. अठरा रोपं अशी आणि सहा कलमं, दोन-तीन वेगवेगळ्या जातींची, हे प्रमाण ठीक. कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा दिसताक्षणी खुडायचा, नाहीतर तोच झाड होऊन बसतो.

एकटं झाड स्वतःच्या परागाने फळत नाही. एकाच जातीची दहा कलमं लावली तरी परागीभवनाच्या हिशेबाने ते एकच झाड. जूनमध्ये तुरे येतात (त्यांचा वास सगळ्यांना आवडत नाही, तेव्हा शयनगृहाच्या खिडकीपासून लांब लावा) आणि पराग मुख्यतः वाऱ्याने जातो. वेगळ्या वंशाचं झाड २०० फुटांच्या आत हवं, जवळ असेल तितकं चांगलं. म्हणून कुंपणाच्या कडेने एका ओळीत लावण्यापेक्षा चौकोनी गट करा. परागच मिळाला नाही तर बोंड धरतं, पण आत तीन चपटी पोकळ टरफलं निघतात.

संख्येचा हिशेब असा. पूर्ण वाढलेल्या झाडाला ३० बाय ३० फूट जागा लागते, म्हणजे एकरी ४८ झाडं. दोनशे झाडांना चार एकरांहून जास्त जमीन गेली, ओढ्याकाठची ओल धरणारी जागासुद्धा. बाराव्या-पंधराव्या वर्षी चांगल्या जमिनीत झाडामागे २० ते ४० पौंड माल धरला तर ते ४,००० ते ८,००० पौंड होतात, सगळे एका महिन्यात, तेही वाकून वेचायचे. आणि वेचणारे पंचाहत्तरी ओलांडलेले दोघं. चोवीस झाडं अर्ध्या एकरात बसतात आणि ५०० ते ९०० पौंड देतात. एवढं दोघांना झेपतं. ती दोन हिवाळे नीट निघाली तर आणखी चोवीस लावा. कोणी २० बाय २० फुटांवर दाट लावून पुढे विरळणी करायला सुचवेल. हिशेबात ते बरोबर आहे, पण दहा वर्षं वाढवलेलं झाड तोडायला हात धजावत नाही आणि मग सगळीच बाग दाटून फळ कमी होतं.

सगळ्यात आधी माती. पेन स्टेट विद्यापीठाच्या काउंटी विस्तार कार्यालयात माती तपासणीची पिशवी मिळते. नमुना ६ ते ८ इंच खोलीपर्यंतचा, दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करून पाठवा. सामू, म्हणजे पीएच, ५ ते ६.५ हवा. यॉर्कच्या मधल्या खोऱ्यात चुनखडीचा खडक आहे, आणि मका-सोयाबीनच्या जुन्या शेतांत वर्षानुवर्षं चुना टाकलेला असतो. सामू ७ च्या वर असेल तर पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो, झाड लोह आणि मँगनीज उचलू शकत नाही. ६.७-६.८ असेल तर गंधक टाकून वर्षभरात खाली आणता येतो. खाली चुनखडीच असेल तर गंधकाचा खर्च दर दोन-चार वर्षांनी करत बसाल, त्यापेक्षा दुसरी जागा बघा.

सामूपेक्षाही निचरा महत्त्वाचा. चेस्टनट कमी सुपीक जमीन चालवून घेतं, साचलेलं पाणी मुळीच नाही. वसंतात, जमीन ओली असताना दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसलं तर तिथे झाड लावू नका. पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच जमिनींत दीड-दोन फुटांवर घट्ट थर असतो, तो वरून दिसत नाही. अशा जागी फायटोफ्थोरा ही मातीतली बुरशीसारखी कीड मुळं कुजवते. तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात पानं लहान होतात, पिवळी पडतात, झाड एकाएकी जातं आणि उपटून पाहिलं तर मुळं काळी असतात. त्यावर औषध शोधण्यात अर्थ नाही. ओढ्याकडची बाजू सोडून द्या, तिथे पाणी तर साचतंच, शिवाय मे महिन्यातली थंड हवा उतारावरून घसरून तिथेच बसते आणि कोवळी पालवी जाळते. उताराचा मधला आणि वरचा भाग तुमचा.

लावणीची तयारी याच शरद ऋतूत. प्रत्येक झाडाच्या जागी चार फूट व्यासाचं गवत मारून टाका. काळा प्लास्टिकचा कागद किंवा जाड पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा भुसा, काहीही चालेल. गवताची मुळं पहिली दोन वर्षं रोपाचं पाणी पळवतात. खत दिलं, पाणी दिलं, तरी रोप वाढत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा गवत रोपाला टेकलेलं असतं.

रोपं एप्रिलमध्ये लावा, पालवी फुटायच्या आत. ती उघड्या मुळांची येतात. आली की मुळं ओल्या कापडात ठेवा, लावण्यापूर्वी तासभर पाण्यात बुडवा, उन्हात पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. खड्डा मुळं सरळ मावतील एवढाच. यंत्राने खड्डे घेतले तर चिकण मातीत भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं आतल्या आत गोल फिरतात, म्हणून फावड्याच्या टोकाने भिंती खरवडून घ्या. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, रासायनिक खत काहीही घालू नका, निघालेलीच माती परत भरा. आंब्याच्या खड्ड्यात घमेलीभर खत घालायची सवय असलेल्यांना हे पटत नाही. पण इथे भुसभुशीत खड्डा पाणी धरतो, रोप खाली बसतं आणि कोवळी मुळं खताने जळतात. रोपवाटिकेत होतं त्याच पातळीला लावा, कलमाचा सांधा जमिनीच्या वर ठेवा. लगेच पाच गॅलन पाणी. आळ्यावर तीन-चार इंच लाकडाचा भुसा पसरा, खोडापासून सहा इंच जागा मोकळी सोडून, नाहीतर हिवाळ्यात त्याखाली उंदीर घर करून साल कुरतडतात.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला इंचभर पाऊस नसेल तर झाडामागे पाच गॅलन पाणी. पहिल्या वर्षी खत नाही. पुढे माती अहवालाप्रमाणे, आणि फक्त वसंतात. जुलैत नत्र दिलंत तर झाड सप्टेंबरापर्यंत कोवळं वाढत राहतं आणि डिसेंबरची थंडी त्याचे शेंडे मारते. वर्षाला दीड-दोन फूट वाढ होत असेल तर खताची गरजच नाही.

हरणं. तुमच्या बागेचं भवितव्य रोगापेक्षा हरणांच्या हाती जास्त आहे. दोन उपाय आहेत. एक म्हणजे पाच फुटी प्लास्टिकची नळी, वाऱ्याला भोकं असलेली, प्रत्येक रोपाभोवती, भक्कम खुंट्याला बांधून. खालची कड इंच-दोन इंच मातीत दाबा म्हणजे उंदीर शिरत नाहीत. तोंडावर पक्ष्यांसाठी जाळी लावा आणि शेंडा तिथवर आला की काढा. नळीत गांधीलमाशा पोळी करतात, तेव्हा हात घालण्याआधी काठीने टकटक करा. नळीतल्या उबेने झाड उशिरापर्यंत कोवळं राहतं, म्हणून सप्टेंबरात ती काही इंच वर उचलून हवा खेळू द्या आणि पानगळ झाली की परत दाबा. नळीने रोप उंच पण लुकडं होतं, पहिल्यांदा बाहेर आल्यावर वाकतं.

दुसरा उपाय तारेचा पिंजरा, पाच फूट उंच आणि चार फूट रुंद. एका पिंजऱ्याला साडेबारा फूट जाळी लागते, १०० फुटांच्या गुंडाळीत आठ होतात, म्हणजे तुम्हाला तीन गुंडाळ्या. खर्च जास्त, पण झाडाला बुंधा धरता येतो आणि पिंजरे पुढच्या चोवीस झाडांना परत वापरता येतात. चोवीस झाडांसाठी आम्ही पिंजराच सुचवू. त्याच्या आत बुंध्याभोवती बारीक जाळीचा फूट-दीड फूट पट्टा उंदरांसाठी वेगळा लागेल. झाड दहा फुटी झालं तरी बुंध्याचं संरक्षण काढू नका, ऑक्टोबरात नर हरणं शिंगं घासून एका रात्रीत साल सोलतात.

हरणांच्या खालोखाल नुकसान करतो तो गवत कापायचा दोरीवाला कटर. बुंध्याला एक चाटा बसला की साल फाटते आणि त्याच जखमेतून खोडाचा रोग शिरतो. आळ्यात गवत नसेल तर कटर जवळ न्यायचं कारणच उरत नाही.

हिवाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारं दुपारचं ऊन बर्फावरून परावर्तित होऊन साल तापवतं, रात्री ती गोठते आणि उभी फुटते. पांढरा पाण्याचा रंग निम्मं पाणी घालून खालच्या दोन-तीन फूट बुंध्याला लावला की हे टळतं. तरीही साल खोलगट होऊन तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके दिसले तर तो खोडाचाच रोग. फांदीवर असेल तर निरोगी भागापर्यंत खाली जाऊन कापा. बुंध्यावर असेल तर झाडाखालचीच ओली माती जखमेवर दोन इंच जाड लिंपा, प्लास्टिकने गुंडाळून हंगामभर ठेवा. ऐकायला आजीचा उपाय वाटतो, पण मातीतले सूक्ष्मजीव त्या बुरशीला दाबतात आणि साल भरून येते.

जूनअखेर ते जुलै जपानी भुंगे पानांची जाळी करतात. सकाळी गारठलेले असताना साबणाच्या पाण्यात झटका. वासाचे सापळे लावू नका, ते शेजारच्या शेतातलेही भुंगे बोलावतात. फांदीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे पालवीच्या कळ्यांवर, हिरव्या-लालसर गाठी आल्या तर ती गाठमाशी. ती १९७४ मध्ये जॉर्जियात दिसली आणि कलमाच्या काड्यांतून पसरत गेली, म्हणून ओळखीतल्या कोणाकडून काड्या आणून कलमं बांधू नका.

सोंडकिडा मात्र आज ना उद्या येणारच. मादी बीला भोक पाडून अंडी घालते, आत पांढरी अळी वाढते. फवारणीपेक्षा दोन गोष्टी उपयोगी. पडलेली प्रत्येक बी, खराबसुद्धा, उचलून न्यायची. आणि वेचलेल्या बिया त्याच दिवशी गरम पाण्यात घालायच्या, १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सियस, पूर्ण २० मिनिटं. पाच अंश कमी पडले तर अळ्या वाचतात, पाच-सात अंश जास्त झाले तर बी शिजते आणि साठवणीत आंबते. गार बिया पडल्या की पाणी थंड होतं, म्हणून भांडं मोठं घ्या, बिया थोड्या घाला, आणि वेळ मोजायला तापमान परत १२० वर आल्यावरच सुरुवात करा. स्वयंपाकघरातलं सू-व्हीद यंत्र, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणारं, या कामाला उत्तम. वर तरंगणाऱ्या बिया काढून टाका. मग लगेच गार पाणी आणि पंख्याखाली पसरून वरचं पाणी सुकवणं.

चेस्टनटमध्ये निम्मं पाणी असतं. बदाम-अक्रोडासारखं डब्यात भरून फडताळात ठेवलं तर आठवड्यात दगड होतं. भोकं पाडलेल्या पिशवीत, शीतकपाटात, ३२ ते ३४ अंश फॅरनहाइटला ठेवा. नुकतं पडलेलं बेचव लागतं, दोन आठवड्यांच्या थंडीत पिष्टाची साखर होऊन गोडी येते. भाजण्यापूर्वी प्रत्येकाला चाकूने फुली मारा, नाहीतर ओव्हनमध्ये फटाके. वेचताना जाड चामड्याचे हातमोजे घाला, रबरी मोज्यांतून काटे आरपार जातात. पाठीसाठी लांब दांड्याची फिरती तारेची टोपली मिळते, ती घ्याच, पण त्यासाठी झाडाखालचं गवत सुगीआधी बारीक कापलेलं हवं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. लावाल तेव्हा तुम्ही ६४ चे असाल. पहिल्या मूठभर बिया सत्तरीच्या आसपास, विकण्याजोगा माल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरला. पहिली दहा वर्षं यातून पैसा नाही, पिंजऱ्यांचा खर्चसुद्धा निघणार नाही. मात्र सगळ्यात कष्टाची तीन वर्षं सुरुवातीचीच असतात, पुढचं गवत माणूस लावून कापून घेता येतं. माल झाला की दलाल शोधायची गरज पडत नाही, चिनी, कोरियन, इटालियन आणि बोस्नियन कुटुंबं स्वतः येऊन वेचून नेतात. मुलीला बाग नको असेल तर तेही आत्ताच विचारून ठेवा, अर्धा एकर झाडांची जमीन विकताना अडत नाही, चार एकर बाग अडते.

मालमत्ता करासाठी ‘क्लीन अँड ग्रीन’ सवलतीचं कोणी सुचवेल. १९७४ च्या कायदा ३१९ खालची ही योजना मुळात दहा एकरांसाठी आहे. कमी जमीन असेल तर शेतीतून वर्षाला २,००० डॉलर उत्पन्न निघू शकतं हे दाखवावं लागतं. पुढे जमिनीचा वापर बदललात तर सात वर्षांपर्यंतचा कराचा फरक व्याजासकट भरावा लागतो. काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात विचारल्याशिवाय अर्ज करू नका.

वहिनींबद्दल. चेस्टनटला नट म्हणतात म्हणून बदामाच्या मापाने खाऊ नये. त्यात तेल दोनेक टक्के आणि पिष्ट चाळीस टक्क्यांहून जास्त, म्हणजे हिशेब बटाटा-रताळ्याचा. चार-पाच बिया खायच्या तर त्या जेवणातली पोळी किंवा भात कमी करायचा, आणि किती ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

चांगल्या रोपवाटिकांची चेस्टनटची रोपं हिवाळ्यातच संपतात. मातीचा नमुना या आठवड्यात पाठवा, अहवाल बरा आला तर पुण्याला निघण्यापूर्वी मागणी नोंदवा आणि रोपं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पोहोचती करायला सांगा. निचऱ्याचा खड्डा मार्चमध्ये खणाल. त्यात पाणी तुंबलं तर आगाऊ रक्कम परत मिळते का, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या.